टाकीवरचं साल

ऑस्ट्रेलियातल्या होर्शम गावच्या बेकरीत माझ्यापुढे दोघंच होते: गुरांच्या दवाखान्यातली मर्ल आणि फोन दुरुस्त करणारा डार्सी.

"मर्ल, भामटे बाहेरून तुमच्या फोनयंत्रात शिरले आणि तुमच्या खर्चाने परदेशात फोन लावून गप्पा मारत बसले. सगळ्या लाइन अडवल्या."

"आणि इकडे डॉक्टरांना फोन लागेना, त्या शेतकरी बिलची अडलेली गाय गेली!"

"पासवर्ड काय होता?"

"आपण फुटबॉलची फायनल जिंकलो ते साल."

"पाण्याच्या टाकीवर रंगवलंय तेच?"

"गावाचा अभिमान आहे, गाढवा! पण आता बदललाय."

"काय ठेवलंस?"

"सांगत नाही. कुणी मेला टाकीवर रंगवणार नाही, असं साल आहे."

डार्सीने खिशातला मोबाइल काढून दवाखान्याच्या यंत्राला फोन लावला आणि आम्ही एका गुणाने फायनल हरलो ते साल दाबलं.

पहिल्याच प्रयत्नात यंत्र उघडलं.