अहवालातलं हिरवं शेत

तुला वाटतं, खासदाराच्या ऑफिसात मजा असते. दर शनिवारी साहेबांचा साप्ताहिक अहवाल मीच व्हॉट्सॲपवर टाकतो. आधी सीमासुरक्षा, मग संस्कृतिरक्षण, शेवटी शेतीखर्च. शेतीखर्चाला फोटो ठरलेला: शहाडच्या बळीरामकाकांच्या भातात उभे राहिलेले साहेब.

परवा काका स्वतःच ऑफिसात आले. मी म्हटलं, "काका, खताच्या दराचं दिल्लीत मांडतोय आपण."

"मांडा. तो फोटो तेवढा काढून टाक."

"का हो?"

"खत परवडेना म्हणून दोन वर्षं शेत पडीक आहे. तुझ्या फोटोत दर शनिवारी हिरवं दिसतं, नि ते बघून घरात आमची ही रडत बसते."

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "खरंय. दुसरं हिरवं शेत बघ."

कालपासून फिरतोय रे. सापडत नाहीये.