बारकी तार

कोल्हापुरातल्या वाद्यं आणि टेप दुरुस्तीच्या एका दुकानात मी बिघडलेला टेप घेऊन बसलो होतो. माझ्याआधी इचलकरंजीचे सोमशेखर होते, यंत्रमागावर बावीस वर्षं. सोबत बायको आणि बास गिटार. मिस्त्रींनी चार तारा छेडल्या. चारही दुकानभर घुमल्या.

"बघा, बारकी बोलत न्हाय."

"मागल्या म्हैन्यात नवी घातली की, सोमण्णा!"

"आं?"

"नवी घातलीया!"

"मग तीबी मुकीच निघाली. आता शेजारचीबी गप झालीया."

"जाडी बोलतीया न्हवं?"

"ती बोलतीया. साधी गिटार मुकी झाली म्हणून तर ही घेतली."

बायको पुढं झुकली. "मिस्त्री, तारंतच बिघाड हाय म्हणा."

"वैनी, हिच्यात कायबी..."

"म्हणा वो. जरा मोठ्यानं."

"सोमण्णा! तारंतच बिघाड हाय! ठिवून जावा!"

"बघ, मी म्हणत हुतो का न्हाय?"