यजमानाच्या रकान्यात माझं नाव

...पासवर्ड, पासवर्ड, पासवर्ड! अहो, नमस्कार नाही, चमत्कार नाही, खिडकीत तोंड घातलं की पहिला शब्द पासवर्ड! परिसंवादाला आलात ना? मग उभे राहा रांगेत. चिठ्ठीचं मशीन गरम व्हायला पाच मिनिटं घेतं, तोवर ऐका, कारण तुम्हाला सांगतो, या विद्यापीठात वाय-फाय मागण्याइतकं धोक्याचं काम दुसरं नाही. हसताय? हसा. हसणारे पुष्कळ येऊन गेले या खिडकीवर... आता हसत नाहीत.

पूर्वी बरं होतं हो. एकच पासवर्ड, फळ्यावर खडूनं लिहिलेला, नऊ वर्षं तोच! प्राध्यापकांना तोच, पाहुण्यांना तोच, समोरच्या चहावाल्याला तोच. मग नवीन यंत्रणा आली, छताला पांढऱ्या डब्या लागल्या, त्यात हिरवा दिवा, आणि आमच्या संगणक केंद्राचे साहेब टेबलावर बोट आपटत म्हणाले, "आजपासून प्रत्येक पाहुण्यामागे एक यजमान! यजमान इथला कर्मचारीच हवा! आणि पाहुण्यानं काही उपद्व्याप केला, तर मान यजमानाची!" बरं, यजमान कोण होणार? ज्यानं पाहुणा बोलावला तो, नाही का? तो येतो, घड्याळ बघतो, म्हणतो, "अरे, टाक की तुझंच नाव, मी जरा घाईत आहे." सगळेच घाईत! मी टाकलं. एकदा टाकलं, दोनदा टाकलं, मग विचारायचंही सोडलं... यजमानाचा रकाना आला की बोटं आपोआप माझंच नाव लिहितात. भिडस्त स्वभाव, दुसरं काय! आणि मी तरी कोण? मी आपला पाहुण्यांना चिठ्ठ्या देणारा!

आमची ही तेव्हाच म्हणाली होती. "लग्नपत्रिकेत नाव नाही छापलं तर महिनाभर फुगून बसता, आणि इथं कुणी विचारत नाही तिथं टाकत सुटता! एक दिवस हे नाव गळ्याशी येईल." मी म्हटलं, अगं, वाय-फाय आहे ते, जामीन नाही. यावर तिनं भर दुपारी देवापुढे दिवा लावला. तिनं अवेळी दिवा लावला की समजावं, आपलं चुकलंय.

तर एका सकाळी ग्रंथालयातल्या बाई आल्या. सव्वीस वर्षं नोकरी, कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर हे डोळे मिटून सांगतील. फोन पुढे केला, "अहो, माझं लागत नाहीये बघा. काल संध्याकाळपर्यंत लागत होतं." मी यंत्रणेत नाव घातलं... पडद्यावर काय आलं असेल? 'अशी व्यक्ती आढळली नाही.' सव्वीस वर्षं! व्यक्ती समोर उभी आहे, पर्स सावरतेय, आणि हे म्हणतंय आढळली नाही! मी हसलो. हो, हसलो मी, खोटं कशाला बोलू. म्हटलं, "बाई, आजच्या दिवस पाहुण्या व्हा," आणि चिठ्ठी फाडून दिली. चिठ्ठी एक दिवसाची, रोज सकाळी नवी घ्यायची. बाई रोज आल्या. आठव्या दिवशी त्यांना पत्र मिळालं... पद रद्द. सत्र संपेपर्यंत यावं, पुस्तकांचा हिशेब नव्या माणसाला सोपवावा, मगच सेवामुक्तीचा दाखला मिळेल.

मला वाटलं, योगायोग.

मग काचवाले काका आले. रसायनशाळेतल्या नळ्या, चंबू, सगळं तेच फुंकून बनवतात, उभ्या जन्मात कुणाशी मोठ्यानं बोलले नसतील. खिडकीशी दहा मिनिटं नुसते उभे. म्हटलं, काका, काय? तर हळूच, "लागत नाहीये रे." नाव घातलं. आढळली नाही. चिठ्ठी दिली. आठ दिवस मोजले मी, तुम्हाला सांगतो, बोटांवर मोजले... आठव्या दिवशी पत्र!

मग एकाच आठवड्यात तिघं. पुढच्या आठवड्यात नऊ. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला तो नसता पडला तर बरं झालं असतं. अहो, कुणाकुणाचं पद जाणार याची यादी वरच्या मजल्यावर ठरते. ती यंत्रणेत घालायला लागतो एक सेकंद. पण पत्र? पत्र टाइप व्हायचं, त्यातल्या चुका सापडायच्या, पुन्हा टाइप व्हायचं, सही, गोल शिक्का, जावक क्रमांक, मग टपालवाल्याच्या पिशवीत! आठ दिवस! म्हणजे माणसाला कळायच्या आठ दिवस आधी छतावरच्या त्या डबीला कळतं! तो हिरवा दिवा आहे ना, तुमच्या डोक्यावर... नका बघू. बघून काही होत नाही.

मी साहेबांकडे गेलो. त्यांनी उठून दार लावलं. चौदा वर्षांत माझ्यासाठी कधी खुर्चीतून न उठलेला माणूस, उठून दार लावतो! आवाज एकदम खाली. "तू चिठ्ठ्या दे. याद्या वाचू नकोस." मी म्हटलं बरोबर आहे, मी कोण? मी आपला पाहुण्यांना चिठ्ठ्या देणारा!

पण बातमीला पाय फुटले. लोक माझ्या खिडकीवरून जाईनात! समोरच्या भिंतीला खेटून जायचे, मांजर आडवं गेल्यासारखे, आणि लांबूनच ओरडायचे, "माझं व्यवस्थित लागतंय बरं का!" मी विचारलं होतं का? परीक्षा विभागातल्या एकानं तर फोनच बंद करून कपाटात ठेवला. का? तर, "लावलाच नाही तर तुटेल कसा?" नवव्या दिवशी पत्र घेताना तो बंद फोन हातात धरून बसला होता. कळायला एक दिवस जास्त लागला, एवढाच त्याचा फायदा.

आता यातली खरी गोम ऐका. यजमानांची एक यादी असते, ज्याचं नाव त्या यादीत त्यालाच पाहुणा आणता येतो. त्या यादीतून नाव लगेच जात नाही. पत्र हातात पडलं, टपालवाल्याच्या वहीत पोच म्हणून सही झाली, ती पोच साहेबांकडे परत आली, की मग नाव पुसतात. यादीत सहाशे चौदा नावं होती. खाली जाता जाता बोट दुखायचं. आता सगळी एका पडद्यावर मावतात. आणि या पद रद्द झालेल्या लोकांना यजमान कोण? कोण होणार! बाईंच्या चिठ्ठीवर यजमान मी, काकांच्या चिठ्ठीवर मी, कपाटवाल्याच्या मी... त्र्याहत्तर माणसं, मंडळी! याच इमारतींतली, आपापल्या खुर्चीवर बसणारी त्र्याहत्तर माणसं माझ्या नावावर पाहुणी! आणि फाटकाचा आडणासुद्धा आता त्या चिठ्ठीवरच उघडतो. म्हणजे माझं नाव पुसलं गेलं की त्र्याहत्तर जण फाटकाबाहेर. बाईंचा हिशेब अर्धा, दाखला नाही. काकांचं चंबूंचं कपाट मोजायचं राहिलं, दाखला नाही. सत्र संपायला उरलेत तीनच दिवस, तेवढे निघाले की सुटले सगळे. पण तेवढे निघायला हवेत ना!

कारण... मागच्या आठवड्यात सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझा फोन लागला नाही.

 आधी म्हटलं फोन जुना आहे. बंद केला, चालू केला, झटकला, फुंकर मारली... काय तर म्हणे फुंकर! मग दार लावलं आणि माझंच नाव यंत्रणेत घातलं. स्वतःच्या हातानं. अशी व्यक्ती आढळली नाही.  भीती वाटली हो, साधी लहान मुलाला वाटते तशी. मग काय केलं? जे येतं तेच केलं! चिठ्ठी काढली. पाहुणा... मी. यजमान... मी. आणि मशीननं मुकाट्यानं फाडून दिली! चौदा वर्षांनी स्वतःकडेच पाहुणचाराला गेलो.

हिला तीन दिवस सांगितलं नाही. चौथ्या दिवशी जेवताना तिनंच विचारलं, "किती दिवस राहिले?" हिला कसं कळतं कोण जाणे, हिच्या डोक्यावर तर डबीही नाही! म्हटलं, मंगळवारी येईल पत्र. ती उठली, ताट उचललं, आणि आतून म्हणाली, "मग मंगळवारी इस्त्रीचा शर्ट घाला. पत्र घेताना माणूस नीट दिसला पाहिजे."

आज मंगळवार. हा बघा शर्ट.

थांबा... शू! ऐकलंत? कर्र, टप. कर्र, टप. टपालवाला. त्याच्या एका चपलेचा अंगठा तुटलाय, दोन महिन्यांत इतका चाललाय बिचारा की शिवून घ्यायला सवड नाही. हा आवाज आला की पूर्वी आम्ही म्हणायचो, टपाल आलं. आता सगळ्या खोल्यांतून टाइप करायचं थांबतात. कर्र, टप... जिन्यावर. वळला तर परीक्षा विभाग, नाही वळला तर... नाही वळला.

ये रे बाबा, ये. घाबरू नकोस, हे परिसंवादाचे पाहुणे आहेत. आणलंस? बघू. जावक क्रमांक, गोल शिक्का... नावात काना चुकलाय, पण मीच आहे. दे वही. दे की! वही अशी छातीशी धरून काय उभा राहिलास?

काय म्हणालास?

मंडळी, ऐकलंत? "दादा," म्हणतो, "दादा, सकाळपासून माझं लागत नाहीये."

बस इथं स्टुलावर. पाणी पी. नाव नाही घालत मी, घालून काय ते दोघांनाही माहीत आहे. आठ दिवसांनी पत्र निघणार, आणि ते आणणार कोण? हाच! कर्र टप करत जाणार, स्वतःला हाक मारणार, स्वतःच्या हातात पत्र देणार, आणि स्वतःच्याच वहीत स्वतःकडून पोच घेणार! हसू नका हो कुणी. तो रडतोय.

हे बघ, तुला चिठ्ठी देतो, यजमान मीच. चौऱ्याहत्तरावा तू. पण नीट ऐक, मी आत्ता या वहीत सही केली की पोच वर जाणार, माझं नाव पुसलं जाणार, आणि तुझ्यासकट सगळे फाटकाबाहेर. आणि नाही केली, तर पोच का आणली नाहीस म्हणून तुला फैलावर घेतील. तूच सांग, काय करू? मी तरी कोण? मी आपला...

अरे, पेन कशाला उघडतोस? काय लिहितोयस माझ्या नावापुढे? दाखव.

'जागेवर आढळले नाहीत.'

शाबास रे पठ्ठ्या! मंडळी, सतरा वर्षं घरोघर, खोलीखोलीत टपाल वाटलेला माणूस आहे, नियम पाठ आहेत त्याला! माणूस जागेवर नसला की पत्र परत जातं, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतं. असं तीन वेळा. चौथ्या वेळेला दारावर चिकटवतात, मग सही लागत नाही. आज पहिली वेळ. म्हणजे नसायला मला तीन दिवस मिळाले, आणि सत्रालाही तीनच हवे होते.

चला, मशीन गरम झालं. या पुढे, एकेक जण या, चिठ्ठ्या घ्या. आणि फाटकावर कुणी विचारलं यजमान कोण, तर बेधडक माझं नाव सांगा. यादीत आहे मी... फक्त इथं नाहीये.