टाकलेल्या नोंदींची यादी

कानिफनाथ : न्हाई बाई, मी बसायला आलो न्हाई. आदी ह्यो कागद वाचा. मोठ्यानं वाचा.

आराधना : वाचलाय, कानिफभाऊ. टपालात पडला तेव्हाच वाचला.

कानिफनाथ : मंजी तुमाला ठावं हुतं! चार वर्सं तुमचं दळान माझ्या गिरनीत येतंय. तुमी नगरच्या, इथं एकल्या ऱ्हाता, म्हनून रांगंत कदी हुभं केलं न्हाई तुमाला. अन् तुमच्याच वेधशाळेचा कागद म्हनतो, कानिफनाथ औटीच्या गिरनीमुळं आभाळाचा अब्यास बिघडतोय, सबब पंधरा दिसांत गिरनी हलवा, न्हाईतर वीज तोडायला कळवू. कुटं हलवू? डोक्यावर घिऊन फिरू?

आराधना : कागद मी लिहिलेला नाही.

कानिफनाथ : मंग कुनी लिवला?

आराधना : लिहिला ऑफिसनं. सही सबनीस सरांची. आणि तुमचं नाव कुठून आलं म्हणाल, तर या कॉम्प्युटरातून.

कानिफनाथ : ह्या डब्ब्याला माजं नाव काय ठावं?

आराधना : ठाऊक नाही, तेच तर सांगतेय. या इकडं. बाहेरची ती डिश आभाळातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडते आणि हा कॉम्प्युटर त्यांचा आलेख काढतो. आलेखात माणसांचा गोंगाटपण शिरतो. कुणाचं वेल्डिंग, कुणाच्या मोटारसायकलचा प्लग. तेवढा भाग खराब, म्हणून त्याच्यावर खूण करायची आणि तो टाकायचा. चार वर्षं हे काम मी डोळ्यांनी केलं, एकेक आलेख बघून. एक सप्टेंबरपासून ते सरांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर करतं. नाव ठेवलंय ‘चाळणी’.

कानिफनाथ : चाळनी? मंग चाळनीत काय ऱ्हायलं ते कोन बघतं?

आराधना : कोणी नाही.

कानिफनाथ : आमच्याकडं शाळंत न गेलेली बाई बी बघती. चांगला दाना ऱ्हायला आसंल, तर परत टाकती.

आराधना : अडीच महिने मी हेच ओरडतेय, भाऊ. मला सांगितलं, तुमचा वेळ वाचला, आता टायपिंग करा.

कानिफनाथ : अन् माजं नाव?

आराधना : चाळणी टाकलेल्या प्रत्येक नोंदीपुढं ‘स्थानिक’ असा शिक्का मारते. महिन्याला शंभरातल्या तीस नोंदी जायला लागल्या, तेव्हा दिल्लीहून विचारणा झाली की एवढं खराब का. ऑफिसनं नकाशा काढला. सर्वात जवळचं मोटारीचं कनेक्शन कुणाचं? तुमचं. झालं!

कानिफनाथ : वा रे वा! मंजी सायबाच्या चाळनीला भोक पडलं, म्हनून गाव पाच मैल चालत दळायला जानार? परवा तर म्हातारी कोतारी मला इचारत हुती, कानिफा, तू आभाळाचं काय वाईट केलंस रं?

आराधना : मला दोन गोष्टी सांगा. नीट आठवून सांगा. संध्याकाळी गिरणी किती ते किती चालते?

कानिफनाथ : चार ते सात. सकाळी आठ ते बारा. मदी मी रानात जातो.

आराधना : आणि गावाची डीपी जळाली होती ती कधी?

कानिफनाथ : घट बसले त्या दिशी जळाली. दसऱ्यापातुर नऊ दिस गावात लाईट न्हवती. गिरनीवर धूळ बसली हुती. हितं तुमचं जनरेटर चालू हुतं, ते आमी रातंदिस ऐकत हुतो.

आराधना : बस्स. एवढंच पाहिजे होतं. आता इथून हलू नका.

कानिफनाथ : मी हलायलाच आलो न्हाई, बाई.

(डॉ. सबनीस हातात चहाचा कप घेऊन आत येतात. भिंतीवरच्या घड्याळात बाराला दहा मिनिटं कमी आहेत.)

डॉ. सबनीस : साळवे, बाहेरच्या माणसांना कंट्रोल रूममध्ये आणायचं नाही, हा नियम तुम्हाला नवीन नाही.

आराधना : हे बाहेरचे नाहीत, सर. तुम्ही ज्यांची गिरणी बंद करताय ते हे. कानिफनाथ औटी.

डॉ. सबनीस : अच्छा. हे बघा औटी, यात व्यक्तिगत काही नाही. सॉफ्टवेअर निष्पक्ष असतं. त्याला तुम्ही आणि मी सारखेच.

कानिफनाथ : मंग तुमच्या घरची वीज कवा तुटनार, सायेब?

डॉ. सबनीस : साळवे, यांना समजावून सांगा.

आराधना : मला आधी तुम्हाला समजावून सांगायचंय. गिरणीची मोटार ठिणग्या टाकते, सर. तिचा गोंगाट अख्ख्या आलेखभर पसरतो, माजलेल्या गवतासारखा. तुमच्या चाळणीनं ‘स्थानिक’ म्हणून जे टाकलंय, त्यात रोज एक टोक आहे. एकाच जागी, सुईसारखं बारीक. मोटारीतून सुई निघत नाही.

डॉ. सबनीस : मोटार नसेल तर वायरलेस असेल. इतकं अरुंद आणि इतकं उंच म्हणजे मानवनिर्मित. प्रोग्रॅममध्ये तोच निकष आहे.

आराधना : निकष कोणी ठरवला?

डॉ. सबनीस : मी. आणि तो दिल्लीच्या बैठकीत मान्य झालाय.

आराधना : आभाळाला बैठकीचं इतिवृत्त पाठवलं होतं का?

डॉ. सबनीस : साळवे! भाषा सांभाळा.

आराधना : अडीच महिने सांभाळली. मूळ आलेख दाखवा म्हटलं, तर तुमचा प्रोग्रॅम चाळून झालं की मूळ नोंद पुसून टाकतो.

डॉ. सबनीस : डिस्कवर जागा किती आहे ते तुम्हालाही माहीत आहे. कचरा साठवून ठेवायला ही काही वखार नाही.

आराधना : कचरा आहे की नाही हे बघायच्या आधीच पुसलात. पण एक गोष्ट पुसायची राहिली. टाकलेल्या नोंदींची यादी. तारीख आणि वेळ. काल मी ती छापून घेतली. वाचू?

डॉ. सबनीस : मला अडीचला पुण्याला निघायचंय.

आराधना : पाच मिनिटं लागतील. दोन सप्टेंबर, संध्याकाळचे पाच दहा. तीन सप्टेंबर, पाच सहा. चार सप्टेंबर, पाच दोन.

कानिफनाथ : त्या वक्ताला गिरनी चालू आसती, बाई. खोटं कशाला बोलू.

आराधना : थांबा, भाऊ. वीस सप्टेंबर, तीन एकोणसाठ. दोन ऑक्टोबर, तीन बारा. गिरणीला कुलूप. बारा ऑक्टोबर, दोन तेहेतीस. गावात वीजच नाही. त्या नऊही दिवसांत सुई हजर आहे, सर. रोज. आणि रोज चार मिनिटं लवकर.

डॉ. सबनीस : रोज चार मिनिटं?

आराधना : डिश आपण हलवत नाही, आभाळ तिच्यासमोरून सरकतं. तारा रोज चार मिनिटं लवकर समोर येतो. हे तुम्हीच मला पहिल्या आठवड्यात फळ्यावर शिकवलं होतं. कुठली गिरणी, कुठलं वायरलेस ताऱ्यांच्या घड्याळावर चालतं?

डॉ. सबनीस : आण ती यादी इकडे.

आराधना : ‘आणा.’

डॉ. सबनीस : आणा. द्या. हं. सात नोव्हेंबर, बारा एक्कावन्न. आठ, बारा सत्तेचाळीस. हे कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?

आराधना : ज्याचं लक्ष होतं त्याला टायपिंगला बसवलं.

डॉ. सबनीस : योगायोगही असू शकतो. यादीवरून सिद्ध काहीच होत नाही.

आराधना : मग आज करा सिद्ध. चौदा तारीख. हिशेबानं आज बारा तेवीसला आलं पाहिजे. आत्ता बारा वाजून दोन मिनिटं झालीत. चाळणी बंद ठेवा आणि मूळ आलेख पडद्यावर येऊ द्या. गिरणीवाला तुमच्यासमोर उभा आहे.

कानिफनाथ : किल्ली बी माज्याच खिशात हाय. ही घ्या, सायेब, तुमच्या मुठीत धरा.

डॉ. सबनीस : आणि नाही आलं तर?

आराधना : तर तुमचा कागद घेऊन मी स्वतः गावात जाईन आणि चावडीवर वाचून दाखवीन.

डॉ. सबनीस : बंद करा चाळणी.

आराधना : केली. आता इथली प्रत्येक नोंद दिसेल, चांगली, वाईट, सगळी.

कानिफनाथ : ह्ये काय हालतंय? हिरवं हिरवं.

आराधना : हा नुसता खरखराट. आभाळाचा आणि आपल्याच यंत्राचा.

कानिफनाथ : अन् ह्ये मदीच फसकन वर आलं ते?

आराधना : रस्त्यानं एखादी लूना गेली असेल. बघा, गेली. म्हणून ते खराब. खराब असतंच, भाऊ, मी नाही म्हणत नाही. पण आधी बघायचं असतं.

डॉ. सबनीस : बारा एकवीस.

कानिफनाथ : बाई, आजून तर काय बी दिसंना.

आराधना : बघत राहा.

डॉ. सबनीस : बावीस. काही नाही. सपाट आहे. साळवे, मी म्हटलं ना... थांबा. थांबा, स्केल बदला. हे काय आहे?

आराधना : उगवतंय.

डॉ. सबनीस : इतकं बारीक... वाढतंय. अजून वाढतंय. अरे बापरे. प्रिंटर लावा!

आराधना : लावलाय. बारा तेवीस, सर.

कानिफनाथ : हीच का ती सुई?

डॉ. सबनीस : हा... हा मेसर आहे. म्हातारा तारा असतो, औटी, आपल्याभोवती वायूचं कवच फेकतो, आणि त्या कवचातून इतकी अरुंद, इतकी तीव्र लहर निघते. माझ्या माहितीतल्या कुठल्याच यादीत या जागी कुणी नोंदवलेला नाही. साळवे, ही मोठी गोष्ट आहे! सप्टेंबरात याची उंची किती होती? वाढत आला असेल तर...

आराधना : ऑगस्टपर्यंत मी रोज बघत होते, तेव्हा या जागी काही नव्हतं. आणि सप्टेंबरातलं काही राहिलेलं नाही, सर. पुसलं.

डॉ. सबनीस : ऑक्टोबर?

आराधना : तेही. त्र्याहत्तर दिवस तो रोज आपल्या दारात आला. आपण रोज त्याला हाकललं, आणि चोरी गिरणीवाल्यावर घातली.

डॉ. सबनीस : आज रात्रीच शोधनिबंधाचा मसुदा करायला हवा. तुमचे आभार त्यात नक्की मानू.

आराधना : आभार नकोत, नाव पाहिजे. पण ते नंतर. आधी यांचं पत्र. लिहा.

डॉ. सबनीस : आत्ता?

आराधना : पंधरा दिवस सोमवारी संपतात, वायरमन येणार आहे. बसा, सांगते.

डॉ. सबनीस : ‘तांत्रिक कारणामुळे आपणांस पाठवलेली नोटीस रद्द समजण्यात यावी.’ ठीक?

कानिफनाथ : ह्याचा अर्थ गावाला काय लागनार, सायेब? लोक म्हनतील, कानिफानं वशिला लावला.

आराधना : खोडा ते. तांत्रिक कारण म्हणजे कोण? ‘आमच्या केंद्राने न तपासता आपल्यावर ठपका ठेवला. दोष गिरणीचा नव्हता. चूक आम्ही केली.’

डॉ. सबनीस : ‘चूक झाली’ लिहिलं तर चालेल ना?

आराधना : आपोआप झाली का?

डॉ. सबनीस : ...‘चूक आम्ही केली.’ ही सही. आणि ही तुमची किल्ली, औटी.

कानिफनाथ : द्या. ह्यो कागद मी गिरनीच्या दारावर खिळ्यानं ठोकनार हाय, सायेब, राग मानू नगा.

डॉ. सबनीस : ठोका. मी... मला दिल्लीला फोन करायचाय. येतो.

कानिफनाथ : गेले. चेहरा पडला हुता सायबाचा.

आराधना : पडू दे. त्र्याहत्तर दिवस परत येणार नाहीत.

कानिफनाथ : बाई, त्यो तारा आता कुटं हाय?

आराधना : आत्ता? डिशच्या तोंडासमोर. त्या खिडकीतून वर बघा, चिंचेच्या शेंड्याच्याही वर.

कानिफनाथ : भर उनात? दिसत तर काय बी न्हाई.

आराधना : मलापण दिसत नाही.

कानिफनाथ : म्हातारा म्हनला ना सायेब त्याला. उद्या किती वाजता यील?

आराधना : बारा एकोणीसला. मग पंधरावर. पुढच्या आठवड्यात बाराच्या आत.

कानिफनाथ : मंजी माज्या गिरनीच्या टायमाला. मंग आसं करतो, त्यो जाईस्तोवर धा मिंटं मोटार बंद ठिवतो. बाया थांबतील. मी सांगतो त्यास्नी.

आराधना : नको, भाऊ. चालू ठेवा. तुमचा आवाज मला ओळखू येतो.