लाटकरकाकांचं निवांत श्रवण

मंडळी, पूर्वरंगात आपण काय पाहिलं? भक्ती नऊ, आणि त्यात पहिली कुठली? श्रवण! नुसतं ऐकायचं. सोवळं लागत नाही, उपास लागत नाही, गुडघे दुखत नाहीत. मग मला सांगा, सगळ्यात सोपी भक्तीच आपल्याला सगळ्यात जड का जाते? ताट वाढलंय, भाताची वाफ नाकात शिरतेय, आणि माणूस म्हणतो — झाकून ठेवा हो, निवांत जेवीन! याला शहाणा म्हणायचं की खुळा? तबलजी मान हलवतायत, म्हणजे त्यांच्याही घरी असा एक आहे.

तर ऐका. आज आख्यान प्रल्हादाचं नाही, ध्रुवाचंही नाही. आज आख्यान कराडच्या श्रीरंगराव लाटकरांचं आणि त्यांच्या कॉम्प्युटरचं! ओ आजोबा, बसा, उठू नका. कॉम्प्युटर कळत नसला तरी चालेल. लाटकरांनाही कळत नव्हता.

गोष्ट थोडी जुनी आहे. कॉम्प्युटर म्हणजे टेबलभर खोकं असायचं, तेव्हाची. श्रीरंगराव पाटबंधारे खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले. मुलगा बंगळुरात. दिवाळीला आला तो आपला जुना कॉम्प्युटर घेऊन, आणि त्याच्या पोटात त्याने एक कार्ड बसवलं. केबलची वायर टीव्हीत खुपसायची ती कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसायची, की टीव्ही कॉम्प्युटरवर! आणि नुसता दिसत नाही — लाल बटण दाबलं की रेकॉर्ड! वेळ लावून ठेवा, तुम्ही घरी नसताना यंत्र आपलं आपण कार्यक्रम धरून ठेवतंय.

झालं! श्रीरंगरावांना ब्रह्मानंद झाला. घरातला टीव्ही त्यांनी बहिणीला देऊन टाकला आणि रेकॉर्डिंगला लागले. काय काय रेकॉर्ड केलं? भरल्या वांग्याची कृती रेकॉर्ड. योगासनं रेकॉर्ड. हवामानाचा अंदाज रेकॉर्ड! हसता काय? परवा पाऊस पडणार होता का, हे माणसाला निवांत बघता यायला नको?

बघायचे कधी? ते विचारू नका. कुमुदकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, विचारायच्या, "अहो, एवढं धरून ठेवलंय ते बघणार कधी?"

"निवांत बघू गं," काका म्हणायचे. "पळून चाललंय का?"

आणि या निवांतपणाचा कळस म्हणजे क्रिकेटची फायनल! नेमकी त्याच दिवशी सांगलीला साडूची वास्तुशांत. काका वेळ लावून गेले, पुरणपोळी खाऊन आले, बघतात तर मॅच अजून चालूच. रेकॉर्डिंग होतंय, आणि स्पीकरातून समालोचकाचा आवाज! निकाल कानावर पडला तर? काकांनी डोळे किलकिले करून झडप घातली आणि पडद्यावरचं आवाजाचं चिन्ह दाबलं. आवाज बंद. समाधान झालं. आता रविवारी निवांत बघू.

तो रविवार काही उजाडला नाही. कधी पाहुणे, कधी वीज गेलेली, कधी पोट बरं नाही. महिना गेला! आणि महिनाभर हा गृहस्थ गावात कसा वावरला असेल? पेपर आला की खेळाचं पान काकूंनी आधी काढून घ्यायचं. चहाच्या टपरीवरून जाताना कानात बोटं. एकदा दाढीला गेले, एक गाल झाला, आणि न्हावी म्हणाला, "काका, फायनल काय झाली हो—" काका उठले ते अर्ध्या दाढीने, गळ्यात त्याचा टॉवेल घेऊन घरी! सगळ्या कराडला निकाल ठाऊक, आणि सगळं कराड लाटकरकाकांपासून तो लपवतंय.

आता गोष्टीचा गाभा ऐका. कुमुदकाकू गायच्या. कॉलनीच्या महिला भजनी मंडळात पुढे बसायच्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून एक गौळण मनात घोळत होती त्यांच्या. शब्द आईकडचे, चाल स्वतःची. भाकरी थापताना एक सूर, कपडे वाळत घालताना दुसरा, अशी ती चाल बसवलेली. बाईची इच्छा एकच होती. नवऱ्याने एकदा समोर बसून ती पुरती ऐकावी. सोनं मागितलं नाही, पैठणी मागितली नाही! सुरुवात केली की काका म्हणायचे, "छान आहे गं. निवांत ऐकतो हं." आणि बाहेर.

अशात पुण्याच्या एका वाहिनीने मंडळाला बोलावलं. सकाळी दहाला थेट प्रक्षेपण! आणि गौळण कुमुदकाकूंची! घरच्यांना स्टुडिओत समोर बसायची सोय होती. काकू म्हणाल्या, "तुम्ही चला ना. समोर बसा. मला धीर येईल."

काका म्हणाले, "मी आलो तर रेकॉर्डिंगवर लक्ष कोण ठेवणार? तुझं गाणं नुसतं वेळ लावून सोडायचं?"

काकूंनी पुण्याची पिशवी भरायला घेतली. काकांना काहीच कळलं नाही. काकू मंडळाबरोबर आदल्या दिवशीच पुण्याला गेल्या.

सकाळ झाली. काकांनी यंत्र लावलं, पण बघायला बसले का? छे! कॉम्प्युटर म्हातारा. रेकॉर्ड करताना पडद्यावर बघायला गेलं की चित्र अडखळायचं. म्हणून काकांनी पडदाच बंद केला. शेजारी मिक्सर लागला की चित्रात रेघा यायच्या, म्हणून काका गल्लीत पहाऱ्याला! दारोदार जाऊन सांगतायत, "मिक्सर नको, इस्त्री नको, पाण्याची मोटर नको. हिचं गाणं आहे."

मुजावरभाभी म्हणाल्या, "काका, चटणी पाट्यावर वाटते. पण तुम्ही आत येऊन बघा की आमच्याकडं."

"नको, नको. मी नंतर निवांत बघणार."

दहा वाजले. मंडळी, त्या गल्लीतल्या एकूण एक घरात टीव्ही चालू! या खिडकीतून काकूंचा आवाज, त्या खिडकीतून काकूंचा आवाज. सगळी गल्ली त्या एका बाईच्या सुराने भरलेली. आणि गल्लीच्या मधोमध तिचा नवरा... काय करत होता? कानात बोटं घालून उभा! का? आत्ता ऐकलं तर नंतरची मजा जाईल!

हसा, हसा. मलाही हसू येतं, आणि मग स्टुडिओतली ती रिकामी खुर्ची आठवते.

मुजावरभाभी डोळे पुसत दारात आल्या. "काका, काय गायल्या हो काकू..."

"सांगू नका," काका म्हणाले. "मी अजून बघितलं नाही."

संध्याकाळी काकू परतल्या. घसा बसलेला, पण चालण्यात पोरीसारखा हलकेपणा. सगळी कॉलनी लाटकरांच्या घरात जमली. चहा झाला. काकांनी सगळ्यांना बसवलं, खुर्ची पुढे ओढली आणि बटण दाबलं. चित्र आलं. स्वच्छ! एक रेघ नाही! काकू पडद्यावर, नाकात नथ, हातात टाळ. मान किंचित तिरकी झाली, ओठ उघडले...

आणि आवाज नाही.

काकांनी स्पीकर हलवले, वायरी उपसून पुन्हा खोचल्या. नाही. अहो, कसा येणार? फायनलच्या दिवशी आवाज बंद केलेला, तो परत चालू कोण करणार? ते बिचारं यंत्र, आवाज दिला तर आवाज धरणार, बंद केला तर मुकेपण धरणार. महिनाभराचं सगळं रेकॉर्डिंग मुकं, त्यात गौळणही मुकी!

काकांना एकदम ते चिन्ह आठवलं. दाबलं. गडबडीत आणखी एक भलतंच बटण लागलं, रेकॉर्डिंग जाऊन कॉम्प्युटरवर चालू वाहिनी आली आणि स्पीकर गरजले! बातम्या चालल्या होत्या. फायनल जिंकलेल्या संघाचा सत्कार, मोठ्या चषकासकट! खोलीतले सगळे काकांकडे बघायला लागले. महिनाभर जपलेला निकाल, तोही असा तोंडावर. आता काका भडकणार!

काकांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. टीव्ही बंद केला, आणि सगळ्यांसमोर डोळे भरून आले त्यांचे. "साऱ्या गल्लीने ऐकलं," म्हणाले. "मी एकटाच राहिलो. कुमुद, चुकलं माझं. आता म्हणशील का गं?"

"घसा बसलाय," काकू म्हणाल्या.

"बसलेल्या घशाने म्हण."

काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, चहाचा कप खाली ठेवला आणि सूर लावला. फाटका, खरखरीत, पण तोच. पहिली ओळ झाली आणि सवय बघा हो — काकांचा हात हळूच माऊसकडे सरकला. रेकॉर्ड करायला!

काकू थांबल्या. "हात मांडीवर ठेवा," म्हणाल्या, "नाहीतर मी उठते."

काकांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, शाळेतल्या पोरासारखे. आणि काकू गायल्या, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. गाणं संपलं तरी काकांचे हात मांडीवरच. मग म्हणाले, "अगं, एवढं चांगलं तू कधीपासून गातेस?"

काकू म्हणाल्या, "तुम्ही निवांत नव्हता तेव्हापासून."

मंडळी, श्रीरंगरावांना तरी परत ऐकायला मिळालं. घसा बसला होता, पण गाणारी घरात होती. सगळ्यांना अशी मिळते का? तुमच्या घरी कोण आहे, जिला तुम्ही म्हणता — नंतर सांग गं? आई तीच ती जुनी गोष्ट सांगायला बसते, वडील गुडघ्याचं सांगतात, नात चित्रातला हत्ती दाखवायला येते. आपण मान हलवतो आणि आपल्या उद्योगाला लागतो. देवाचंही तेच. त्याला आपण म्हातारपणावर टाकलाय! त्या खांबाजवळचे दादा, मोबाईल धरून हात भरून आला असेल तुमचा. राहू द्या चालू, माझं काही म्हणणं नाही. पण मोबाईल ऐकतोय म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका हं!

आणि आता नाव घ्यायचंय. घरी जाऊन नाही, आरतीनंतर नाही, प्रसाद खाऊन नाही. घसा असेल तसा असू द्या. हात मांडीवरून उचला, टाळी वाजवा, आणि शेजारच्याचा आवाज कानावर पडू देत देत म्हणा — विठ्ठल, विठ्ठल!