सुरुंगाच्या आधी आळी रिकामी करताना

माझं माहेर करंज्याचं. बाप मिठागरावर, आई बोटी लागल्या की मासळी सुकवायला, आणि आमी पोरी शाळेतून आलो की वाळत टाकलेली मासळी उलटी करायला. लग्न झालं तशी इकडं पनवेलच्या मागं, डोंगराच्या पायथ्याशी आले. सासरी भाताचं शेत हाय असं ऐकलं होतं, आले तेव्हा शेतावर इमारती. काय सांगू तुमाला, मला वाईट-बिईट वाटलं नाय, मासळीच्या वासातून सुटले एवढंच डोक्यात. मंग औषधाच्या कंपनीत पाकिटं भरली, कंपनी बंद पडली, मंग लोकांकडं पोळ्या केल्या. नवरा ट्रेलर चालवतो, उरणवरनं कंटेनर घेऊन घाटावर, घरी आला तर आला. ट्राफिकमधी अडकला की फोन करतो, अजून पनवेलमधीच हाय, बाहेर पडलो नाय. म्हणून तर हा बोगदा. गाड्या गावात शिरायलाच नकोत, डोंगराच्या पोटातून परस्पर पलीकडं.

रस्त्याची आखणी करणारे साहेब आले तेव्हा देवळात सभा झाली, भिंतीला नकाशा लावला. रस्ता बाहेरून नेला तर तुमची घरं जातात, म्हणून आमी डोंगर फोडतोय, असं बोलले. बोट फिरवून दाखवलं, ही तुमची आळी, हे बोगद्याचं तोंड, मधे काय नाय. माझी सासू मागं बसलेली, ती बोलली, काय नाय तर आमाला कशाला बोलावलंत. सगळे हसले, साहेबपण हसले.

मंग सुरुंग लागायला लागले. रोज दुपारी. त्याच्या आधी आळीतली सगळी घरं रिकामी करायची, माणसं शाळेच्या पटांगणात नेऊन बसवायची, कारण दगड उडून पत्र्यावर येतो. या कामाला गावातलीच बाई पाहिजे होती, परका माणूस दारात आला की आमच्या बायका भांडतात. मला ठेवलं. डोक्यावर हेल्मेट, अंगात पिवळं जाकीट, एका हातात लाल बावटा, एका हातात हिरवा. घर न् घर बघायचं, आत कोण नाय याची खात्री झाली की हिरवा दाखवायचा. खाली सेफ्टीचा साहेब असतो, झारखंडचा हाय, मला दीदी बोलतो. माझा हिरवा दिसला की तो भोंगा वाजवतो, मंग सुरुंग. सोपं वाटतं ना? करून बघा. एकीचं दूध गॅसवर, एकीचं पोर न्हाणीत, एक म्हातारा बोलतो सिरियल संपू दे, एकाची कोंबडी खुराड्यात येत नाय. रोज तेच, रोज तेच. घसा बसतो माझा.

सुरुवातीलाच कोणाच्या तरी घरातून मिक्सर चोरीला गेला. बायका साहेबांच्या अंगावर गेल्या. तेव्हा बोगद्याच्या कंपनीनं चांगल्या मनानं घरटी एक कुलूप वाटलं, नवं कोरं. मी आमचं आणून दाराला लावायला घेतलं. सासूनं ते बघितलं आणि खाटेवर आडवी झाली. मी नाय येत. का गो आये, काय झालं? नाय येत बोलले ना.

तेव्हा तिच्याच तोंडून कळलं. तिचं पहिलं घर शेतावर होतं. जमीन गेली तेव्हा माणसं आली, बोलली दोन दिस बाहेर राहा, मोजणी करायची हाय, सामान असू दे आत. दाराला असंच नवं कुलूप लावलं, आणि ते दार मंग उघडलंच नाय. इतकी वर्षं मी यांची सून हाय, मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

खाली सुरुंग भरून तयार, साहेब वॉकीटॉकीवर ओरडतोय, दीदी, क्लियर? मी बोलले नाय क्लियर, माझ्याच घरात माणूस हाय. तो धापा टाकत वर आला. आजी, चलो ना. सासू बोलली, येवढी काळजी हाय तर तू बस आत, मी जाते बाहेर. तो बिचारा खरंच विचारात पडला. मंग त्याचं लक्ष दाराकडं गेलं, बोलला, दीदी, ताला क्यों? धक्क्यानं काचा फुटतात, दारं-खिडक्या उघड्याच ठेवायच्या असतात. घ्या, कुलूप वाटणारे वेगळे आणि नियमवाले वेगळे. मी कुलूप त्याच्या हातात दिलं. दार सताड उघडं टाकलं, भाताचं पातेलं ओट्यावर, तिचं लुगडं दोरीवर. बघ आये, राहतं घर हाय, रिकामं कोण बोलेल? ती उठली. पटांगणात खुर्ची अशी लावून घेतली की दार दिसलं पाहिजे. त्यानंतर रोज यायची, दाराकडं बघत बसायची.

मागच्या आठवड्यात कपडे वाळत घालायला घरामागं गेले तर भिंतीवर लाल रंगात आकडा. शेजारणीच्या भिंतीवरही. सुरुंग झाल्यावर धुरळा बसेपर्यंत आमी खालीच असतो, तेवढ्यात मोजणीवाले मागच्या अंगानं येऊन गेलेले. साहेबाला विचारलं तर मान खाली, दीदी, वो हमारा काम नहीं. मंग कळलं, बोगद्याच्या तोंडाला जाणारा रस्ता नकाशात बारीक होता, आता रुंद पाहिजे. घरं वाचवायला बोगदा, आणि बोगद्याला रस्ता द्यायला घरं.

नवरा फोनवर बोलला, आईला सांगू नको. मी सांगितलं. खोटं बोलून तिला रोज दाराबाहेर काढायचं, ते मला जमणार नाय. मी दार बघत बसले आणि ते मागच्या भिंतीला, ती एवढंच बोलली, आणि खाटेवर जाऊन बसली.

तेव्हापासून भोंगा नाय. साहेब रोज विचारतो, क्लियर? मी बोलते, नाय, घरात माणूस हाय. त्यात खोटं काय हाय? आता शेजारणीच्या घरातही माणूस हाय, तिच्या पलीकडच्याही. मला काढतील, दुसरी बाई ठेवतील, ठेवू देत, तिलाही घर न् घर बघूनच हिरवा दाखवावा लागेल. वरचे लोक बोलायला येणार हायत, कधी ते माहीत नाय. आमी लढाई-बिढाई काय करत नाय, ताई, घरात बसलोय. जिंकू असंही मला वाटत नाय, डोंगर फोडणारी माणसं हायत ती. नुसती दमलेय मी. पण दुपारचा भात गरम खातोय आमी सगळे, हे मात्र खरं. बसा, तुमालापण वाढते. पाणी तेवढं हातानं घ्या, सासूला उठायला लावू नका.