आवाजाच्या रोखाने येणारी वासरं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या देवळाचे मानकरी आदरणीय हरिश्चंद्रकाका, व्यासपीठावर बसलेले सरपंच, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते गुरांच्या दवाखान्याचे स्टॉकमन भिकाजी परब, बाकांवरची आणि दाराबाहेर उभी असलेली वडीलधारी मंडळी, आयाबायांनो, आणि माझ्या शाळेतल्या मुलांनो,

आभार मानायचं काम माझ्याकडे आहे. ते मी करीन. पण आधी एक चूक दुरुस्त करू द्या. तीन वर्षांमागे पावसाळ्यात याच खोलीत मी उभी राहून सांगितलं होतं की वाडीत आंधळी वासरं फक्त आमच्याच गोठ्यात जन्मली. ते खरं नव्हतं. तेव्हा मला ते खरं वाटत होतं, आणि तुम्ही सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. आमच्या घरात अक्षर ओळखणारी मी पहिलीच. चुकीचं काही बोललं गेलं की मला अन्न गोड लागत नाही.

त्या माझ्या बोलण्यावरून काय झालं, ते आठवतं ना? देवाला कौल लावला गेला. गाऱ्हाण्यात सांगण्यात आलं की सुभद्रेच्या घरात दोष आहे. कौल उजवा पडला, म्हणजे देवानेही होकार दिला. सुभद्रा म्हणजे माझी आई. तेव्हापासून ती देवळाच्या पायरीखाली उभी राहून हात जोडते. आरोंद्याहून मला बघायला माणसं यायची होती, ती आली नाहीत. "त्या घरात आंधळेपण आसा," असं त्यांना कोणीतरी कळवलं. कोणी, ते मी विचारलेलं नाही.

परबांचे आभार मानताना हे का सांगते? कारण परब आमच्या गोठ्यात आले, ते यामुळेच. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर पहिल्यांदा तेही चुकले. गाभण गायीला चारा निकस मिळाला तरी वासरू आंधळं होतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मोरी माशाचं तेल पाजायला सांगितलं. आईने कोळीवाड्यातून तेल आणून गाय व्याईपर्यंत रोज पाजलं. गोठ्याला मासळीचा वास यायचा. विहिरीवर बायका म्हणायच्या, "सुभद्रेच्या गायचा दूध कढयेत घाला गो, मासे घेवक नकोत!" हसण्यासारखंच होतं. मीही हसले होते.

ती गाय व्याली. पाडी झाली. डोळ्यांच्या जागी नुसती कातडी.

परबांनी ती बघितली, तंबाखू थुंकली आणि आईवरच ओरडले, "सुभद्रे, तुझ्या गायचो बापूस कोण?"

"देवाचो पाडो."

"आणि ह्या पाडयेचो?"

"देवाचोच. दुसरो खंय आसा?"

मंडळी, यात आईने नवीन काय सांगितलं? देवाला सोडलेला वळू हरिश्चंद्रकाकांच्या गोठ्यातलाच असतो. हा त्यांच्या घराचा मान. त्याच्या आधीचा वळूही तिथलाच, आणि तो याचा बाप होता. त्या रक्ताचे बैल खाडीकाठच्या खाजणाच्या चिखलात गुडघा टेकत नाहीत, हे खोटं नाही. खारेपाटणपर्यंत त्यांना नाव आहे. तो जोर दुप्पट व्हावा म्हणून आपण त्याच्या मुली त्याच्याकडेच नेल्या, मग नातीही नेल्या. दुसरा वळू ठेवला तर देवाचा अपमान होतो, म्हणून ठेवला नाही.

परबांनी आईला जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत सांगते. "खांद्याचो जोर रक्तातसून येता, तसो हो दोषव येता. एका बाजून इलो तर लपान रवता, कोणाक दिसना नाय. आवशीकडसून आणि बापाशीकडसून, दोन्ही बाजून इलो, काय डोळे जातत. तुमी दोन्ही बाजूक एकच रक्त घातलात. जोर येतलो, तसोच काळोखव येतलो."

...हो, धोंडूकाका, ऐकलं. "गो बाये, आभार मान नि बस." आभार कशाबद्दल ते सांगितल्याशिवाय कसे मानू?

परबांच्या सांगण्यावरून आईने तीच गाय होडीत घालून खाडीपलीकडे फकरुद्दीनचाचांच्या वळूकडे नेली. तेव्हा किनाऱ्यावर उभे राहून कोण काय बोललं, ते मी या व्यासपीठावरून उच्चारणार नाही. गाय पुढच्या वर्षी व्याली. पाडा झाला. त्याने डोळे उघडून आईकडे बघितलं. गाय तीच, गोठा तोच, सुभद्राही तीच. मग दोष कुठे राहिला?

यावर आपण काय म्हणालो? एकाच घरात झालं, ते घराचंच. बाकी कोणाकडे झालं नाही.

आता मूळ चुकीकडे येते. श्रावणात मी वर्गात विचारलं, यंदा कोणाकोणाच्या गोठ्यात वासरू झालं? एका मुलीने हात वर केला. "बाई, आमच्याकडे पाडो झालो, पण तेका डोळे नाय हुते." मुलं हसली. मग एक मुलगा म्हणाला, आमच्याकडेपण. मग आणखी एक, मग मागच्या बाकावरून. मग कोणीच हसेना. मी विचारलं, मग ती वासरं कुठे आहेत?

ओहोटीला खाडीच्या चिखलात नेऊन सोडतात. भरती पुढचं काम करते. घरी सांगायचं, मेलेलंच जन्मलं. ती मुलगी म्हणाली, "आजो माका म्हणालो, परतताना तोंडातसून आवाज काढू नको हां. आंधळो पाडो आवाजार येता."

तिचं नाव मी सांगणार नाही. कोणाच्याही घराचं सांगणार नाही. अध्यक्षमहाराज, आपला गोठा त्यात आहे की नाही, याची खात्री मी करून घेतलेली नाही, म्हणून त्याबद्दल बोलत नाही. खात्री करायची मला गरज नाही. आपल्याला ठाऊक आहेच.

तुमच्यापैकी प्रत्येक जण समजत होता की हे फक्त आपल्याच घरात झालं. म्हणून गुपचूप चिखलात गेलात, तोंड मिटून परत आलात, आणि दुसऱ्या दिवशी देवळात माझ्या आईकडे बोट दाखवलंत. तिने एवढंच केलं की पाडी सोडली नाही. हरिश्चंद्रकाकांचा गडी न्यायला आला, तेव्हा ती म्हणाली, "डोळे नाय, पण तोंड आसा. भूक लागता तिका." ती पाडी आता मोठी झाली आहे. आईने हाक मारली की दारात येते. आवाजाच्या रोखाने, तशीच.

परबांनी पंचायतीला सांगितलं, हा वळू खच्ची करा आणि त्याच्या रक्तातला दुसरा सोडू नका. त्यानंतर त्यांची खारेपाटणला बदली झाली. आज आपण त्यांना शाल दिली, नारळ दिला, टाळ्या वाजवल्या. परबसाहेब, त्या टाळ्यांतले बरेच हात आपल्या बदलीच्या अर्जावर उमटलेले आहेत. तरी शाल ठेवा. तिकडे थंडी जास्त असते म्हणतात. आपण आईवर ओरडलात, तिला वेडी म्हणालात, पण ती पापी आहे असं एकदाही म्हणाला नाहीत. वाडीत असे आपण एकटेच. त्याबद्दल माझ्या घराच्या वतीने मी आपली ऋणी आहे.

अध्यक्षांचे, सरपंचांचे, गॅसबत्ती देणाऱ्या गंगारामभाऊंचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलताना कोणाचा मान राखायचा राहिला असेल तर लहान समजून पोटात घाला. घडलेलं सांगण्यात कुठे चूक असेल तर मात्र पोटात घालू नका. आत्ता उठून सांगा, मी सगळ्यांसमोर दुरुस्त करीन.

कोणी उठत नाही. बरं.

जुना वळू थकला म्हणून त्याचाच मुलगा आता देवाला सोडायचं ठरलं आहे. दोर काढण्याआधी गाऱ्हाण्यात विचारतात, "कोणाची हरकत आसा काय?" आजवर त्याला कोणी उत्तर दिलेलं नाही, आणि बाईने तर तिथे तोंड उघडायचंच नसतं. मी आईला आणि त्या आंधळ्या पाडीला घेऊन पायरी चढणार आहे. हरकत माझी आहे. ज्यांनी चिखलात वासरं सोडली, त्यांनी त्या दिवशी देवळात मोठ्याने बोलू नये. पाडी त्यांच्याकडे चालत येईल.

देवदिवाळीला. येत्या शुक्रवारी, आठ डिसेंबर एकोणीसशे एकसष्ट.